गुंडी गेली, सांडशी आली: आजारी शॅमेलिऑन घरी आणायच्या आधी थोडं

गुंडी, माझी पहिली शॅमेलिऑन (झाडावर राहणारा, रंग बदलणारा, सरड्याच्या कुळातला प्राणी), गेली त्यानंतर सात महिने तिचा पिंजरा कोपऱ्यात तसाच उभा होता, दिवे बंद, आतलं झाड मात्र मी रोज पाणी घालून जगवत होते, का ते विचारू नका. मग ओळखीच्या एका काकूंचा फोन आला की त्यांच्या भाचीकडे एक शॅमेलिऑन आहे, ते लोक घर बदलतायत, न्यायला जमणार नाही, आणि "तो जरा मलूल वाटतो गं, तुला त्यातलं कळतं ना?" मला कळत असतं तर गुंडी गेली नसती, हे अगदी ओठावर आलं होतं पण गिळलं. जाऊन बघते तर 'तो' नव्हताच, ती होती. व्हेल्ड जातीत हे ओळखायला सोपं असतं, नराच्या मागच्या पायाला टाचेवर एक छोटं टोक असतं, अंड्यातून बाहेर येतानाच असतं, मादीला ते नसतं. ते नाहीये बघून पोटात गोळाच आला, कारण गुंडी गेली ती मादी होती म्हणूनच.

ते आधी सांगते, कारण नवीन लोक नेमके इथेच फसतात. गुंडीने आयुष्यात नर बघितला नव्हता, त्यामुळे अंड्यांचा प्रश्नच नाही असं मी धरून चालले होते. पण कोंबडी कशी कोंबडा नसला तरी अंडी घालते तसंच व्हेल्डच्या मादीचं असतं, पाच-सहा महिन्यांची झाली की कधीही सुरू होऊ शकतं आणि एका वेळी २०-३० अंडी ही नेहमीची गोष्ट आहे, भरपूर खायला घातलं तर त्याच्या दुप्पटसुद्धा. ती अंडी पुरायला ओली खोल वाळू लागते. वाळू मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून राहतात. गुंडी आठवडाभर पिंजऱ्यात वरखाली करत होती, तळाला नखांनी खरवडत होती, मला वाटलं कंटाळलीये, बाहेर यायचंय तिला, म्हणून मी तिला बाहेर काढून पडद्यावर फिरवायचे आणि कौतुकाने व्हिडिओ काढायचे. मग एका दुपारी ती तळाशी डोळे मिटून बसलेली दिसली. शॅमेलिऑनने दिवसा डोळे मिटले म्हणजे गाडी काढायची, उद्या बघू नाही. एक्स-रेमध्ये पोट अंड्यांनी गच्च होतं. ऑपरेशन झालं, पण त्यातून ती उठली नाही.

तर या पार्श्वभूमीवर ही दुसरी घरी आली.

कशात आली तर माशांच्या काचेच्या टाकीत, वर एक लाल बल्ब, बस. यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग) देणारी ट्यूब नाही. "खिडकीतून ऊन येतं की" असं म्हणाले, आणि त्यांचीही चूक नाही म्हणा, कुणालाही तसंच वाटेल, पण खिडकीच्या काचेतून उजेड येतो आणि यूव्हीबी जवळजवळ सगळा काचेतच अडतो. यूव्हीबी नाही म्हणजे कातडीत व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, डी३ नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घ्यायला लागतं. हाडं मऊ होतात, वाकतात. हिचे पुढचे दोन्ही पाय कोपरात कमानीसारखे वाकले होते, जबडा किंचित वाकडा, आणि पकड नव्हतीच. शॅमेलिऑनचा पंजा म्हणजे स्वयंपाकघरातली सांडशी असते, पुढच्या पायाला आत तीन बोटं बाहेर दोन, मागच्या पायाला उलटं, मध्ये फांदी पकडली की सुटत नाही. ही फांदीवर नुसता पाय टेकवून ठेवायची आणि घसरायची. वजन ५८ ग्रॅम, तिच्या मापाच्या मादीला ९०-१०० तरी हवं होतं.

पहिली गोष्ट मला करावीशी वाटली ती म्हणजे तिला तडक गुंडीच्या पिंजऱ्यात ठेवायचं, उंच, जाळीचा, जिवंत झाड असलेला, किती बरं वाटेल तिला. नाही ठेवलं आणि तुम्हीही ठेवू नका. एक तर ती उंचावरून पडली असती आणि मऊ हाडं मोडली असती. दुसरं म्हणजे आलेल्या प्राण्याच्या पोटात काय काय आहे हे माहीत नसतं, आणि काही परजीवींची अंडी माती-पानांत बसली की साध्या साबणाने वगैरे जात नाहीत. म्हणून पहिले दोन महिने एकदम उघडाबोडका सेटअप, तळाला टिश्यू पेपर, प्लॅस्टिकची वेल, आडव्या फांद्या आणि त्याही तळापासून वीतभर उंचीवर, खाली टॉवेल. दिसायला भिकार. पण पेपरवर शी लगेच दिसते आणि या दिवसांत शी ही तुमची सगळ्यात मोठी बातमी असते. त्यातला पांढरा भाग पांढराच असेल तर पाणी पुरतंय, पिवळा-नारिंगी झाला तर कमी पडतंय. पहिला नमुना २४ तासांच्या आत लॅबला दिला, पिनवर्म निघाले. जंताचं औषध डॉक्टरांनी लगेच नाही दिलं, आधी अंगात पाणी येऊ दे म्हणाले, सुकलेल्या प्राण्याला औषध झेपत नाही. आणि औषध वजनावर मोजून देतात, कुणी सांगितलं म्हणून अंदाजाने घालू नका.

खायला घालायची घाईसुद्धा करू नका, हे मला फार जड गेलं. हाडाचा सापळा समोर बसलाय आणि आपण नुसतं पाणी शिंपडतोय असं वाटतं, पण शरीर कोरडं असताना पोटात गेलेलं अन्न पचत नाही. तीन-चार दिवस नुसतं पाणी. वाटीत पाणी ठेवून उपयोग नसतो, साचलेलं पाणी त्यांना बहुतेक वेळा पाणी वाटतच नाही, हलणारा चमकणारा थेंब लागतो. मी जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याला तळाला सुईने भोक पाडून वर टांगला, दोन सेकंदाला एक थेंब पानावर. पहिल्या दिवशी तिने बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी एक डोळा पानाकडे आणि एक माझ्याकडे, बराच वेळ तसंच, मग मी खोलीबाहेर जाऊन दाराच्या फटीतून बघितलं तेव्हा ती पान चाटत होती. पाजताना समोर उभं राहू नका हे त्या दिवशी समजलं.

लाइटबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे आणि जीव दोन्ही इथे जातात. यूव्हीबीसाठी लांब टी५ (बारीक नळीची) ट्यूब घ्या, स्क्रूचे छोटे बल्ब घेऊ नका, त्यांचा झोत अगदी चिंचोळा असतो. माझी ६ टक्के यूव्हीबीची आहे, पिंजऱ्याच्या जाळीवर, आणि ती शेकत बसते ती फांदी जाळीपासून २०-२५ सेंटीमीटर खाली. जाळीसुद्धा बराचसा यूव्हीबी खाते हे लक्षात ठेवा. यूव्ही मीटर मिळाला उसना तर तिच्या पाठीच्या उंचीवर यूव्ही इंडेक्स ३ च्या आसपास बघा. ट्यूब वर्षाने बदलायची, पेटतेय म्हणून ठेवायची नाही, डोळ्यांना उजेड तसाच दिसत राहतो आणि यूव्हीबी कधीच संपलेला असतो. शेकायच्या जागेवर मादीला २७-२८ डिग्री पुष्कळ झाले. रात्री सगळं बंद, तो लाल बल्बसुद्धा, त्यांना काळोख आणि थोडा गारवा लागतो, येमेन आणि सौदीच्या नैऋत्येच्या डोंगराळ भागातला प्राणी आहे हा, तिथे रात्री गारच असतात.

आता माझा गाढवपणा. गुंडीच्या भीतीने मी हिला रोज, प्रत्येक किड्यावर, डी३ वालं कॅल्शियम चोपडत होते. जितकं जास्त तितकं बरं. डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. डी३ शरीरातून लघवीवाटे निघून जात नाही, साठतं, आणि जास्त झालं की कॅल्शियम हाडांऐवजी किडनीत आणि रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. मग रुटीन असं ठरलं, रोजच्या खाण्यावर साधं कॅल्शियम, डी३ शिवायचं, अगदी नाममात्र भुरभुरवून, आणि डी३ व व्हिटॅमिन ए असलेली पावडर महिन्यातून दोनदा. शिवाय डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियमचं सिरप सहा आठवडे. रातकिडे नुसते उपाशी पकडून घालण्यात अर्थ नाही, आधी दिवसभर त्यांना पालेभाज्या, गाजर खायला घालायचं, किड्याच्या पोटात जे असतं तेच तिच्या पोटात जातं. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि रात्री उरलेले रातकिडे काढून घ्या, ते झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात.

भीतीचा दुसरा प्रकार म्हणजे टॉर्च. पहिले पंधरा दिवस मी रात्री दोनला उठून ती श्वास घेतेय का बघायला जायचे. झोपेत त्यांचा रंग उतरतो, फिकट पोपटी, जवळजवळ पांढरट, शेपटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. पहिल्या रात्री तो रंग बघून मला वाटलं, गेली. टॉर्च जवळ नेला तर एक डोळा उघडला, फक्त तो एक, माझ्याकडे वळला, आणि बघता बघता अंगावर काळपट पट्टे आले. म्हणजे घाबरली. गुंडीलाही रंग उतरायचा झोपेत, मला माहीत होतं हे, पण रात्री दोनला माहीत असलेलं आठवत नाही. त्यानंतर टॉर्च बंद आणि त्याऐवजी दर रविवारी वजन. किचनच्या काट्यावर छोटी फांदी ठेवून शून्य करायचं आणि तिला त्यावर चढू द्यायचं, उचलायचं नाही. मऊ हाडांच्या प्राण्याला अंगाला धरून फांदीवरून ओढलं तर पाय मोडू शकतो, हात खालून समोर धरायचा, वरून हात आला की त्यांना पक्षी वाटतो. ५८, ५९, ५९, ६३. तो ६३ चा आकडा बघून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते.

रंगाचं निघालंच आहे तर, सरड्यासारखा रंग बदलणारा माणूस म्हणून आपण ज्याला शिव्या देतो तो हा प्राणी नाही बरं का. लपण्यासाठी, मागच्या भिंतीसारखं दिसण्यासाठी वगैरे बदलत नाहीत ते मुख्यतः. राग, भीती, ऊब, समोर दुसरा शॅमेलिऑन, अशा गोष्टींनी बदलतात. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. आपल्या कामाचं एवढंच की लपवाछपवी त्यांना जमत नाही. सकाळी शेकताना गडद असणं ठीक, ऊन जास्त शोषायला तसे होतात. दुपारभर गडद राहिली तर कुठेतरी बिनसलंय. माझ्याकडे ते आरशाने झालं होतं, समोरच्या कपाटाच्या आरशात तिला 'दुसरी' दिसत होती आणि मला चार दिवस कळलं नाही.

तिसऱ्या महिन्यात तिने वाकड्या पायाने माझं बोट पकडलं आणि खरंच सोडेना, तेव्हा नाव पडलं, सांडशी. वाकलेली हाडं सरळ नाही होत, ती तशीच राहणार, चाल जरा झोकांड्या खात. जिभेचा नेम मात्र आला. आधी जीभ अर्धवट बाहेर येऊन परत जायची, कॅल्शियम कमी असलं की जिभेचे स्नायूही दगा देतात, तोवर मी वाटीत किडे अगदी तिच्या तोंडाजवळ धरून बसायचे.

आणि मग पाचव्या महिन्यात अंगावर पिवळे-निळे ठिपके दिसायला लागले आणि ती खाली उतरून तळ खरवडायला लागली. माझे हात गार पडले. पण या वेळी वाळू तयार होती, फूटभर खोल बादली, बोगदा पाडला तर ढासळणार नाही इतपत ओली, तिसऱ्या महिन्यापासूनच आत ठेवलेली. (तुम्ही मादी आणली असेल तर बादली पहिल्या दिवशी नाही तरी क्वारंटाइन संपताच ठेवा, 'दिसेल तेव्हा बघू' म्हणजे उशीर. आणि मादीला एक दिवसाआड तीन-चार किडेच, जितकं जास्त खाणं आणि जितकी जास्त ऊब तितकी अंडी जास्त.) पिंजऱ्याला चादर लावली, कारण खणताना तिने तुम्हाला बघितलं तर ती जागा सोडून देते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. चादरीला कात्रीने एक चीर पाडली होती. त्यातून पहिल्या दिवशी नुसती वाळू उडताना दिसली, दुसऱ्या दिवशी बादलीतून फक्त शेपटीचं टोक बाहेर. रात्रभर ती तिथेच होती. मी डॉक्टरांना तीन मेसेज केले, तिसऱ्याला त्यांनी उत्तर दिलं, "खणतेय ना? मग खणू द्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती फांदीवर बसलेली होती, डोक्याच्या तुऱ्यावर वाळू चिकटलेली, बारीक झालेली, आणि वरच्या डब्याचा थेंब थेट तोंडात घेत होती, मी समोर उभी असताना. बारा मिनिटं पीत होती, घड्याळ लावून बघितलं. वजन १०१ वरून ७३. नंतर ती झोपल्यावर बादली उपसली, तळाशी एका कोपऱ्यात दाबून बसवलेली २७ अंडी निघाली, पांढरी, लांबट, सगळी रिकामी. वहीत लिहिलं. वही गुंडीचीच आहे, मागची पानं कोरी होती. वाळू पुन्हा ओली करून भरून ठेवलीये, तीन-चार महिन्यांत परत लागेल.