मुद्दा बरोबर असूनही समोरच्याला पटत का नाही?

आपलं म्हणणं एकदम बरोबर असूनही पटत नाही ना, तेव्हा बऱ्याचदा आपणच गडबड केलेली असते, म्हणजे एक भक्कम कारण सांगून झालं की तिथं न थांबता अजून चार किरकोळ कारणं जोडत जातो आणि समोरचा नेमकं सगळ्यात कच्चं कारण पकडून खोडून काढतो, मग भक्कमवालं पण त्याच्यासोबत वाहून जातं. एक, फार तर दोन मुद्दे बास.

पुराव्यांचा ढीग टाकूनही काम होत नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे आणि विरोधातले विद्यार्थी घेतले, दोन्ही गटांना दोन्ही बाजूंचे तेच रिपोर्ट दिले, तर जवळ यायचं सोडून दोघंही आपापल्या मताला आणखी घट्ट चिकटले!

म्हणून आधी सरळ विचारा, "तुला यात नेमकं काय खटकतंय?" आणि उत्तर पूर्ण ऐका, मधे तोडू नका प्लीज. त्याची अडचण खर्चाची असेल आणि आपण फायदेच सांगत बसलो तर काय उपयोग. आणि हे चारचौघांत अजिबात नको, सगळ्यांसमोर माघार घेणं कुणालाही जड जातं, बाजूला घेऊन बोला.