हनुक्का हौसेने साजरा करताय? मग या चुका टाळा

हनुक्का हा ज्यूंचा सण मुळातच खेळकर आहे. आठ रात्री दिवे लावायचे, तळणीचे पदार्थ खायचे आणि चौकोनी भोवरा फिरवायचा, एवढाच त्याचा थाट असल्यामुळे त्यात स्वतःची गंमत मिसळायला कोणी हरकत घेत नाही. 2013 मध्ये त्याचा पहिला दिवस अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगलाच, म्हणजे टर्की पक्ष्याच्या मेजवानीच्या सणालाच आला, तेव्हा लोकांनी चक्क टर्कीच्या आकाराचा मेनोरा, म्हणजे हनुक्काचे दिवे लावायचे दीपदान, पेटवला होता. तरीही दरवर्षी अनेकांचे हौशी बेत फसतात आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कल्पनेत नसते, तर एखादा साधा नियम विसरण्यात असते.

सर्वांत जास्त घोटाळे घरी बनवलेल्या मेनोऱ्यात होतात. आमच्या घरी भाच्याने प्लास्टिकच्या डायनासोरांच्या पाठीला भोके पाडून त्यांत मेणबत्त्या खोचल्या होत्या. मेण सरले आणि ज्योत थेट पाठीला भिडली, त्यात एका डायनासोरची शेपटीसुद्धा वितळली. खेळण्यांचा मेनोरा जरूर करावा, परंतु प्रत्येक मेणबत्ती लोखंडी नटात बसवावी आणि खाली धातूचे ताट ठेवावे. हनुक्काच्या मेनोऱ्यात नऊ जागा लागतात, सात नव्हे. आठ दिवे एका रांगेत, एका उंचीवर आणि ज्योती एकमेकींत मिसळणार नाहीत इतक्या अंतरावर असावेत. जवळजवळ लावलेले दिवे धर्मशास्त्राच्या दृष्टीने शेकोटीच ठरतात. नववा शमाश, म्हणजे इतर दिवे पेटवणारा सेवक दिवा, थोडा उंच किंवा बाजूला ठेवावा. अर्धे बटाटे कोरून त्यांत तेल आणि फुलवात घातली तरी सुरेख मेनोरा होतो, मात्र बटाट्यांचे बूड सपाट कापायला विसरू नये. तेलावरून आठवले, कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पण बाहेरच्या ज्यूंशी संबंध येईपर्यंत तेलाचा हा सण नेमका त्यांनाच ठाऊक नव्हता.

छायाचित्र चांगले यावे म्हणून पहिल्याच रात्री आठही दिवे लावणे ही दुसरी नेहमीची चूक. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे रोज एक वाढवत जायचे असते. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे मांडायच्या आणि पेटवताना मात्र सर्वांत नव्या, म्हणजे डावीकडच्या मेणबत्तीपासून सुरुवात करायची. शमाश धरून आठ रात्रींना नेमक्या 44 मेणबत्त्या लागतात आणि बहुतेक खोक्यांत तेवढ्याच असल्याने दोन-तीन मोडल्या की शेवटच्या रात्री पंचाईत होते. अशा वेळी केकवरच्या मेणबत्त्या वापरू नयेत, कारण दिवे निदान अर्धा तास तेवायला हवेत आणि त्या काही मिनिटांतच संपतात.

आता लाटक्यांकडे वळू. किसलेल्या बटाट्याच्या या तळलेल्या चकत्या मऊ, तेलकट आणि राखाडी होत असतील, तर दोष जवळजवळ नेहमी पाण्याचा असतो. बटाटा आणि कांदा बरोबरच किसून पंच्यात घालावा आणि हात दुखेपर्यंत पिळावा. पिळलेले पाणी फेकू नये. दहा मिनिटांनी भांड्याच्या तळाशी पांढरा साका बसतो, तेव्हा वरचे पाणी अलगद ओतून तो साका किसात परत मिसळावा, म्हणजे अंड्याच्या जोडीने मिश्रण धरून राहते. मीठ अगदी तळायच्या वेळी घालावे, नाहीतर पुन्हा पाणी सुटते. किसाचा एक तंतू टाकताच तेल चुरचुरले, तरच पुढे जावे. तव्यात गर्दी करू नये आणि तळलेले लाटके कागदावर एकावर एक न रचता जाळीवर सुटे ठेवावेत.

पाहुण्यांनी आपापली तोंडीलावणी आणायची, अशी लाटक्यांची चढाओढ फार रंगते. पण कोशर, म्हणजे दूध आणि मांस एकत्र न खाण्यासारखे ज्यूंचे आहारनियम, पाळणारे पाहुणे असतील, तर एकाचे आंबट क्रीम आणि दुसऱ्याचा खिमा एकाच पंगतीत चालत नाही. त्यामुळे बेत दुधाचा की मांसाचा हे आमंत्रणातच कळवावे. सफरचंदाचा गोड गर दोन्हींबरोबर चालतो.

ड्रेडलचा, म्हणजे भोवऱ्याचा, खेळ रटाळ होतो तो टेबलावरच्या कापडामुळे. ड्रेडल गुळगुळीत फरशीवर किंवा स्टीलच्या उलट्या ताटावर फिरवावा. अंतराळवीर जेफ्री हॉफमन यांनी डिसेंबर 1993 मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीच्या मोहिमेत तो अंतराळात फिरवला होता, तेव्हा आडवे पडण्याचा प्रश्नच नव्हता. भोवऱ्याच्या चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरे असतात. जमिनीवर नून पडला तर काहीच नाही, गिमेलला सगळा गल्ला, हेला अर्धा आणि शिनला आपल्यातला एक गल्ल्यात टाकायचा. इस्राएलच्या ड्रेडलवर शिनऐवजी पे असते, नियम तोच. चॉकलेटची नाणी मुलांच्या हातात वितळतात आणि डाव संपण्याआधीच पोटात जातात. डावासाठी चिंचोके घ्यावेत आणि नाणी बक्षीस म्हणून राखावीत.

शेवटची अडचण शुक्रवारची, कारण शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो आणि मग दिवा पेटवता येत नाही. आठ रात्रींत एक तरी शुक्रवार येतोच, आणि 2026 मध्ये तर पहिलीच संध्याकाळ 4 डिसेंबरची, म्हणजे शुक्रवारची आहे. त्या दिवशी हनुक्काचे दिवे सूर्यास्तापूर्वी, शब्बाथच्या दिव्यांच्याही आधी लावायचे असतात आणि अंधार पडल्यावर अर्धा तास तेवायचे असतात. नेहमीच्या बारीक मेणबत्त्या तितका वेळ टिकत नाहीत, त्यामुळे तेलाच्या वाती किंवा जाड मेणबत्त्या गुरुवारीच आणून ठेवाव्यात.