लिम्फेडेमाची सूज उतरत नाहीये किंवा उतरून परत येतेय? या चुका होत नाहीयेत ना ते बघा

हात किंवा पाय सुजला, दाबला की खळगा पडतो, म्हणजे अंगात पाणी झालंय असं सगळेच म्हणतात. मग कोणीतरी लघवीची गोळी सुचवतं, पेशंट पाणी प्यायचं कमी करतो, दोन दिवस हलकं वाटतं आणि आठवड्यात सूज जिथल्या तिथे. लिम्फेडेमाच्या पेशंटबरोबर काम करताना मला हे इतक्या वेळा दिसतं की सुरुवात इथूनच करते.

रक्तवाहिन्यांमधून पाणी आणि थोडं प्रोटीन सारखं बाहेर झिरपत असतं, पेशींच्या मधल्या जागेत. ते गोळा करून परत रक्तात सोडायचं काम लिम्फच्या बारीक नळ्या करतात आणि वाटेत लिम्फ नोड म्हणजे काखेतल्या, जांघेतल्या, मानेतल्या गाठी ते गाळतात. या यंत्रणेला हार्टसारखा वेगळा पंप नाही. नळ्या स्वतः हळूहळू आकुंचन पावतात आणि बाकी मदत स्नायूंच्या हालचालीची आणि श्वासाची. आता कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गाठी काढल्या, रेडिएशनने नळ्या खराब झाल्या, हत्तीरोगाच्या जंतांनी त्या बिघडवल्या किंवा जन्मतःच कमी असल्या, तर पाणी आणि प्रोटीन दोन्ही तिथेच अडकतं, हाच लिम्फेडेमा. लघवीची गोळी रक्तातलं पाणी काढते, अडकलेलं प्रोटीन नाही काढत, आणि ते प्रोटीन परत पाणी ओढून घेतं. म्हणून नुसत्या लिम्फेडेमासाठी या गोळ्या उपयोगाच्या नाहीत. (हार्ट, किडनी किंवा बीपीसाठी डॉक्टरांनी दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती आपल्या मनाने बंद करू नका.) पाणी कमी पिऊन किंवा जेवणातलं प्रोटीन तोडूनही काही होत नाही, उलट अशक्तपणा येतो.

तपासणी न करताच लिम्फेडेमा म्हणून मोकळं होणं

एकच पाय एक-दोन दिवसात सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय तर ती शिरेतली रक्ताची गाठ असू शकते, तिथे मसाज करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर आणि डॉपलर म्हणजे शिरांची सोनोग्राफी. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हार्ट, किडनी, लिव्हर, थायरॉइड बघावं लागतं, आणि बीपीची अम्लोडिपिन चालू आहे का तेही विचारा कारण तिने पाय सुजतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दोन्ही मांड्या-पोटऱ्या जाड, दाबलं की दुखतं, पटकन काळं-निळं होतं पण पावलं मात्र बारीक, असं असेल तर लिपेडेमाचा, म्हणजे पायात चरबी साठण्याच्या वेगळ्या आजाराचा, विचार करावा लागतो, त्याचे उपचार पूर्ण वेगळे नसले तरी अपेक्षा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

घरी बघण्यासारखी एक खूण आहे. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलायचा प्रयत्न करा. चांगल्या पायावर पातळ घडी सहज उचलली जाते. सुजलेल्या पायावर कातडी जाड होऊन चिमटीत येतच नसेल तर ते लिम्फेडेमाचं बऱ्यापैकी पक्कं लक्षण आहे, याला स्टेमर साइन म्हणतात. पण घडी उचलली गेली म्हणून लिम्फेडेमा नाहीच असं धरू नका, सुरुवातीला ती उचलली जाते.

'बघू अजून थोडे दिवस'

सुरुवातीला सूज दिसतच नाही, नुसतं जड वाटतं. अंगठी घट्ट होते, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठतो, एकाच बाजूची बाही तंग लागते. पुढच्या टप्प्यात सूज दिसते पण रात्री हात-पाय उंच ठेवला की सकाळी उतरते, आणि म्हणूनच लोक थांबतात, उतरतेय ना मग काय. त्याच्या पुढे उंच ठेवूनही उतरत नाही, कारण अडकलेल्या प्रोटीनमुळे आत सतत दाह राहतो, तंतू आणि चरबी साठत जाते, कातडी कडक होते, खळगासुद्धा पडेनासा होतो. पाणी हलवता येतं, तयार झालेली चरबी आणि तंतू मसाजने किंवा पट्टीने तेवढे हलत नाहीत, सगळा फरक इथे आहे.

ब्रेस्ट कॅन्सरनंतर हे होण्याचं प्रमाण 2013 मधल्या एका मोठ्या आढाव्यात असं निघालं की काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्यांमध्ये 100 पैकी साधारण 20 जणींना आणि फक्त सेंटिनेल नोडची (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या एक-दोन गाठींची) तपासणी झालेल्यांमध्ये 5 ते 6 जणींना. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत होतं पण नंतरही होऊ शकतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांची टेपने मापं घेऊन ठेवा, मनगटापासून ठराविक अंतरावर, दर वेळी त्याच जागी आणि दिवसाच्या त्याच वेळी. नाहीतर नंतर 'हात आधीपासूनच एवढा होता की' यावर वाद होतो आणि त्यात महिने जातात.

जोर लावून मालिश

सूज आहे तर रगडून काढूया, हे अगदी चुकीचं. लिम्फच्या सुरुवातीच्या नळ्या कातडीच्या लगेच खाली आणि खूप नाजूक असतात, जोरात दाबलं की त्या दबतात आणि रक्तपुरवठा वाढून उलट जास्त पाणी झिरपतं. मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज म्हणजे एमिल वोडर आणि त्यांची पत्नी एस्ट्रिड यांनी 1930 च्या दशकात आणलेली पद्धत, तिच्यात हात इतका हलका असतो की पहिल्यांदा करून घेणाऱ्याला वाटतं काही चाललंच नाहीये. कातडी फक्त थोडी ताणून सोडायची. आणि सुरुवात सुजलेल्या जागेपासून नाही तर मान, पोट, विरुद्ध बाजूची काख इथून, आधी पुढची वाट मोकळी आणि मग तिकडे पाणी न्यायचं. शिकून घ्या, व्हिडिओ बघून अंदाजाने नको. तसंच फक्त मसाज करून वर काहीच बांधलं नाही तर संध्याकाळपर्यंत सगळं परत भरतं. गरम शेक, गरम पॅक, सॉना सुजलेल्या भागाला नको.

बँडेज आणि स्टॉकिंग, सगळ्यात जास्त गडबड इथे

घरात असलेलं क्रेप बँडेज घट्ट गुंडाळणं ही हमखास होणारी चूक. ते खूप ताणलं जातं, त्यामुळे झोपल्यावरही आवळत राहतं आणि चालताना मात्र स्नायूबरोबर सैल होतं. लिम्फेडेमाला कमी ताणणारं, शॉर्ट स्ट्रेच बँडेज लागतं, ते आरामात असताना कमी दाबतं आणि हालचाल केली की स्नायू त्याच्यावर आपटून आतलं पाणी वर ढकलतो. म्हणजे बँडेज बांधून बसून राहिलात तर अर्धं काम झालंच नाही. बांधायची पण रीत असते, आधी सुती मोजा, मग बोटं एकेक करून, मग मऊ पॅडिंग किंवा फोम म्हणजे हाडाच्या जागी रुतत नाही आणि दाब सारखा पडतो, आणि मग बँडेज, खाली जास्त दाब आणि वर जाताना कमी. उलटं झालं तर सूज पावलात किंवा पंज्यात कोंडते. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, ठणका लागला तर सहन करायचं नाही, लगेच सोडायचं.

स्टॉकिंग किंवा स्लीव्हचं (पायाला दाब देणारा मोजा किंवा हाताची तशीच बाही) माप सूज भरलेली असताना दिलं की पैसे वाया. आधी बँडेजने रोज बांधून सूज उतरवायची, याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, माप स्थिर झालं की तेव्हाच्या मापाचं स्टॉकिंग घ्यायचं. सूज जास्त असेल किंवा पायाचा आकार बदललेला असेल तर फ्लॅट निट म्हणजे मापाने विणलेलं घ्या, ते जाड आणि दिसायला तेवढं चांगलं नसतं पण घडीत रुतत नाही. साधं गोल विणीचं स्टॉकिंग अशा पायावर वरून गुंडाळलं जातं आणि ती गुंडाळी बोटाला रबरबँड बांधावा तशी आवळते, तिच्या खाली सूज आणखी वाढते. लांब झालं म्हणून वरची कड दुमडणारे पण हेच करतात.

घालायचं सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडून चहा-नाश्ता करून मग नाही, कारण तेवढ्या वेळात पाय भरतो आणि मग ते चढत नाही. भांडी घासायचे रबरी ग्लोव्ह्ज घालून चढवा, पकड चांगली येते आणि नखाने कापड फाटत नाही. पायाला आधी क्रीम लावून ठेवलं असेल तर सरकत नाही, म्हणून क्रीम रात्री. शक्यतो दोन जोड ठेवा, एक धुवून वाळतोय तेव्हा दुसरा. सॉफ्टनर नको आणि कडक उन्हात वाळत घालू नका, इलास्टिक मरतं. रोज वापरलं तर सहा महिन्यांत दाब कमी होतो. अगदी सहज चढायला लागलं की आनंद मानू नका, ते सैल झालंय.

शुगर असेल, सिगरेट असेल, चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल तर दाब द्यायच्या आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. हार्ट फेल्युअर कंट्रोलमध्ये नसेल तरीही आधी डॉक्टरांना विचारूनच.

उतरली की सोडून देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. महिनाभर मेहनत करून पाय छान बारीक होतो, घरचे खूश, पेशंट खूश, आणि स्टॉकिंग कपाटात जातं. पण नळ्या काही नवीन आलेल्या नसतात. वाट तेवढीच अरुंद आहे, फक्त साठलेलं काढलंय, रोज झिरपणारं थांबलेलं नाही. पहिला टप्पा उतरवायचा आणि दुसरा टिकवायचा, आणि दुसरा कायमचा असतो, हे पहिल्याच दिवशी पेशंटला स्पष्ट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. सांगितलं नाही तर तो स्वतःला दोष देत बसतो की माझंच काहीतरी चुकलं. हवेने दाब देणारं पंप मशीन घेतलं म्हणून स्टॉकिंग सुटतं असंही नाही, ते जोडीला आहे. ऑपरेशनचंही तसंच, लिम्फची नळी शिरेला जोडतात, गाठी दुसरीकडून आणून बसवतात, योग्य पेशंटला चांगला फायदा होतो, पण त्यानंतरही बऱ्याच जणांना दाब लागतोच, आणि चरबी काढायचं लिपोसक्शन केलं असेल तर आयुष्यभर लागतो.

कातडीकडे दुर्लक्ष

सुजलेल्या भागात इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी असते. बोटांच्या बेचक्यात ओल राहून पांढरी पडलेली, सोललेली कातडी, एवढीशी भेग, जंतू तिथून आत शिरतात. आणि मग काही तासांत थंडी वाजून ताप, पाय लालभडक, गरम, दुखरा. हे सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचं इन्फेक्शन. याला 'उद्या बघू' चालत नाही, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कोणी विचारतं की सूज वाढलीय तर अजून घट्ट बांधू का, नाही, ताप आणि लाली असेपर्यंत मसाज आणि बँडेज दोन्ही बंद, पाय उंच ठेवून आराम, आणि परत कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवा, पुढे सरकतेय का ते कळतं. प्रत्येक अटॅक थोड्या नळ्या आणखी खराब करून जातो, त्यामुळे सूज वाढते, त्यामुळे परत अटॅक. पायाला परत परत होत असेल तर डॉक्टरांना पेनिसिलीनच्या कमी डोसबद्दल विचारा, 2013 च्या एका ट्रायलमध्ये 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर दिल्यावर पायाचे अटॅक कमी झाले होते, मात्र गोळी बंद केल्यावर तो फायदा टिकला नाही. आपल्या मनाने अजिबात घेऊ नका, अ‍ॅलर्जी असू शकते.

रोजचं काम साधं आहे, साबणाने धुवायचं, बेचकी पुसून पूर्ण कोरडी करायची, फंगस असेल तर त्याचं मलम पूर्ण दिवस लावायचं, बाकी कातडीला क्रीम, नखं सरळ कापायची, अनवाणी फिरायचं नाही. हत्तीरोगाच्या पेशंटला तर हे औषधाइतकंच महत्त्वाचं. डीईसी या हत्तीरोगाच्या औषधाच्या गोळ्या मुख्यतः रक्तातल्या जंतांच्या पिल्लांवर काम करतात, म्हणून त्या घ्यायच्याच, पण सुजलेला पाय त्या बारीक करत नाहीत. पाय नीट धुणं, कोरडा ठेवणं आणि हालचाल याने अटॅक कमी होतात.

भीतीने हात-पाय हलवायचंच बंद

'या हाताने काही उचलू नका' हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 2009 च्या एका ट्रायलमध्ये लिम्फेडेमा असलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटना हळूहळू वजन वाढवत व्यायाम करायला लावला, तेव्हा सूज वाढली तर नाहीच, त्रास वाढण्याचे प्रसंगही कमी झाले. अट एवढीच की अगदी कमी वजनाने, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली सुरुवात, स्लीव्ह घालून, आणि हात जड वाटला तर एक पायरी मागे. वजन जास्त असेल तर ते आटोक्यात आणण्याकडेही लक्ष द्या. त्या हातावर बीपी घेणं, सुई टोचणं याने लिम्फेडेमा होतोच असं नंतरच्या पाहण्यांमध्ये दिसलेलं नाही, दुसरा हात असेल तर तो द्या, पण इमर्जन्सीत कोणी त्या हाताला सुई लावली म्हणून रात्रभर जागू नका.

आणि सगळं नीट चालू असताना, वर्षभर माप स्थिर असताना, अचानक सूज वाढली, नवीन दुखायला लागलं, हाताची ताकद कमी झाली, काखेत किंवा मानेत गाठ लागली, कातडीवर जांभळट डाग आला तर बँडेज आणखी घट्ट करू नका. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा आणि मापांची वही सोबत न्या, कधीपासून आणि किती वाढलं ते त्यांना त्यातूनच लगेच कळतं.