पुण्याहून अंजर्ल्याला राहायला जाताय? आधी एक पावसाळा काढा

कोकणात राहायला येऊ म्हणणारे बहुतेक जण डिसेंबरात गाव बघतात आणि जानेवारीत जागेची चौकशी करतात. तसं करू नका. घर आधी भाड्याने घ्या आणि जून ते सप्टेंबर तिथे काढा. आम्ही दोघं कोथरूडहून दापोलीजवळच्या अंजर्ल्याला आलो, त्याला आता चौथं वर्ष लागलंय. हे सगळं त्या अनुभवातून सांगतेय.

घर बघताना जांभ्याच्या भिंती बघाच, पण त्याआधी पश्चिमेची बाजू बघा. पावसाची झड तिकडूनच येते. मे संपायच्या आत कौलांची शाकारणी (कौलं नीट लावून घेणं) आणि पडवीला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या), ही दोन कामं झालीच पाहिजेत. माणसं एप्रिलमध्येच सांगून ठेवावी लागतात. घरावर वाकलेला माड असेल तर तो धोक्याचा आहे का, ते शेजाऱ्यांना विचारा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथल्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अजूनही गावात बोलताना 'वादळाच्या आधी' आणि 'वादळानंतर' असंच म्हणतात.

लोखंड टाळा. आम्ही पुण्याहून हौसेनं खिडक्या करून आणल्या होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात एक बिजागरी माझ्या हातातच आली. बाहेरून जेमतेम तांबूस दिसत होती, आतून पापुद्रे सुटले होते. आता सगळीकडे पितळी कड्या-बिजागऱ्या आहेत.

मग आगोट. मृगाच्या आधी चार महिन्यांचं सामान भरायचं: तांदूळ, कुळीथ, आमसुलं, कोरडं सरपण आणि आढ्याला टांगायला कांदे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, जवळच्या हर्णै बंदरातला माशांचा लिलावही थंडावतो. म्हणून सोडे, सुकट, सुके बोंबील मे महिन्यातच घ्या. पुन्हा एकदा कडक ऊन दाखवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पहिल्या वर्षी मी पिशवीत ठेवले होते, पंधरा दिवसांत बुरशी आली.

भरतीचं गणित शेजारच्या आजोबांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, तर चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अंदाजच आहे, पण किनाऱ्यावर फिरायला किंवा खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा मुलांना पाण्याजवळ एकटं सोडू नका. गाडी तर वाळूत कधीच घालू नका.

रात्री गडग्याजवळून, म्हणजे दगडी कुंपणाजवळून जाताना बॅटरी हातात हवी, कारण फुरसं हा विषारी साप दगडात बसतो. चावलं तर बांधाबांध, चिरफाड काही न करता थेट दापोलीचं सरकारी रुग्णालय. वाटेला पाऊण-एक तास धरा आणि रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल ते आधीच विचारून ठेवा. वीज जाते, नेटही जातं. घरून नोकरी करणाऱ्यांनी याचा नीट विचार करावा.

शिमग्याला पालखी दारात येते. त्या दिवशी पुण्यात काम काढू नका. अंगण सारवून, ओटीचा नारळ-तांदूळ काढून घरी थांबा. पहिल्या वर्षी आमच्या दारात पालखी आली तेव्हा ओटी कशी भरायची तेही मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या वहिनी मागे उभ्या राहून हळू आवाजात सांगत होत्या, "आधी हळदकुंकू, मग नारळ. घाई नको, देव थांबतो."