हरणांच्या आडोशासाठी ‘हिंज कट’ करताना

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी आडोसा आणि चारा वाढवू पाहणारे जमीनमालक ‘हिंज कट’ करतात, म्हणजे खोडाचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग तिरका कापून झाड आडवे करतात, आणि उरलेल्या साल-लाकडाच्या बिजागरीमुळे ते जिवंत राहून हरणांच्या तोंडाशी पालवी देते. हे काम हिवाळ्याच्या अखेरीस, कळ्या फुटण्यापूर्वी, १० ते १५ सेंटीमीटर जाडीच्या मेपल किंवा एल्मवर करावे. ज्या ओकची फळे हरणे खातात, तो मात्र कधीही कापू नये.

खरा धोका आहे तो ताणाखालच्या खोडाचा. अ‍ॅशसारखे सरळ चिरणारे लाकूड अर्धे कापताच उभे फाटून मागे उसळते आणि कापणाऱ्याच्या छातीवर वा चेहऱ्यावर आदळू शकते, म्हणून खांद्याच्या वर करवत नेऊ नये, बाजूला उभे राहून सावकाश कापावे, शेवटी लांब दांड्याच्या आकड्याने झाड ओढावे, आणि शिरस्त्राणाशिवाय किंवा एकट्याने हे काम मुळीच करू नये. पायाखाली झुडपी हनीसकलसारखी आक्रमक परदेशी झुडपे असतील, तर ती आधी काढावीत, कारण मोकळे झालेले ऊन सर्वप्रथम तीच घेतात.