शोरूममध्ये नव्या गाडीचा भाव कसा करावा

शोरूममध्ये शिरल्याशिरल्या ‘डिस्काउंट किती देताय?’ असं विचारलं, की सेल्समनचं काम सोपं होतं. तो तीस हजार म्हणतो, थोडं ताणून पस्तीस करतो, आणि विमा, हँडलिंग, अ‍ॅक्सेसरीजमधून पन्नास हजार वळते करून घेतो. भाव करायचा तो ऑन-रोड आकड्याचा, म्हणजे कर, विमा सगळं धरून द्यायच्या एकूण रकमेचा, आणि तोही एकेका ओळीवर बोट ठेवून.

कोटेशन सुटं करून घ्या

‘ऑन-रोड सगळं मिळून इतके’ असा गोळाबेरीज आकडा घेऊन घरी येऊ नका. शोरूमच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा. ते टाळाटाळ करत असतील तर पाणी मुरतंय असं समजा.

समजा, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल हॅचबॅक आहे. कागदावर साधारण असं दिसेल: एक्स-शोरूम ९,५०,०००, आरटीओ १,१४,०००, विमा ५२,०००, हँडलिंग ८,५००, ‘बेसिक किट’ १८,०००, एक्स्टेंडेड वॉरंटी १५,०००, फास्टॅग १,०००. यातून सूट ३०,००० वजा. एकूण ११,२८,५००.

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि जीएसटी त्यातच असतो, तिथे वाद घालून उपयोग नाही. आरटीओची ओळ मात्र स्वतः तपासा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच १३, १४, १५. आपल्या उदाहरणात ११ टक्के म्हणजे १,०४,५००. नोंदणी, स्मार्ट कार्ड आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचं शुल्क धरूनही वर चार-पाच हजारांपेक्षा जास्त लागू नयेत. म्हणजे इथे पाचेक हजार हवेतले आहेत. ‘आरटीओ अंदाजे आहे साहेब, उरले तर परत देऊ’ असं म्हणाले तर तेच वाक्य कोटेशनवर लिहून घ्या आणि नोंदणी झाल्यावर कराची मूळ पावती मागा. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही खोडायला सांगा. एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट गाडीसोबतच येते, तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते.

एक गोष्ट व्हेरिएंट ठरवतानाच बघून ठेवा. ९,९५,००० च्या पेट्रोल गाडीला कर १,०९,४५० होतो. १०,१०,००० च्या गाडीला १२ टक्क्यांनी १,२१,२००, शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (डीलरने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर), म्हणजे आणखी १०,१००. पंधरा हजारांच्या सनरूफसाठी प्रत्यक्षात जवळपास सदतीस हजार जास्त भरावे लागतात. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण त्यासाठी पॅन बरोबर दिलेला हवा आणि रक्कम आयकर खात्याच्या नोंदींत तुमच्या नावावर दिसायला हवी.

खरी चरबी विम्यात

नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे, त्याचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीसाठी २०२२ मध्ये ठरलेला दर १०,६४० रुपये, अधिक जीएसटी. त्यात कोणी कमी-जास्त करू शकत नाही. फरक पडतो तो ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथे विमा कंपन्या भरघोस सवलत देतात आणि ती गिऱ्हाइकापर्यंत पोचू द्यायची की नाही, हे काउंटरवर ठरतं.

गाडीचं मॉडेल, व्हेरिएंट आणि मुंबई नोंदणी टाकून दोन-तीन कंपन्यांचे ऑनलाइन दर काढा. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तोच ठेवा. तो कमी दाखवून हप्ता स्वस्त भासवणं ही जुनी खेळी आहे. झीरो डेप्रिसिएशन (दुरुस्तीत बदललेल्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) शोरूमच्या आणि ऑनलाइन अशा दोन्ही दरांत हवं. मुंबईत इंजिन प्रोटेक्टही घ्या: हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी तुंबलेलं असताना गाडी घातली आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साधी पॉलिसी तो खर्च सहसा देत नाही. मग दोन्ही आकडे समोरासमोर ठेवा. शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती कोणालाही करता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. बहुतेक ठिकाणी ‘मॅच करून देतो’ असं उत्तर येतं, आणि शोरूमच्या विम्यात कॅशलेस दुरुस्तीची सोय बरी पडते म्हणून तेव्हा तिथूनच घ्यायला हरकत नाही.

हँडलिंग आणि किट

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो अशा नावांनी लावलेली रक्कम सरळ काढायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च गिऱ्हाइकाने वेगळा का द्यावा? ‘हे कशाचं, याची पावती द्याल का?’ एवढं शांतपणे विचारलं तरी ओळ बऱ्याचदा गळते.

बेसिक किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, कव्हर आणि परफ्युमची बाटली असते. त्यातलं काय लागतंय तेवढंच घ्या, बाकी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कमी पैशांत मिळतं. फक्त वायर कापून बसवायचं काही, म्हणजे स्टिरिओ, कॅमेरा, हॉर्न, बाहेरून करू नका. वॉरंटीवर वाद होतो. टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंगला नाही म्हणा.

सूट कोणकोणती, आणि कधी

कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट आणि लॉयल्टी (कंपनीच्या जुन्या गिऱ्हाइकाला) या चार वेगळ्या सवलती आहेत. कॉर्पोरेटसाठी ओळखपत्र आणि पगाराची स्लिप लागते. महापालिका, बँका, सरकारी खाती सहसा यादीत असतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. जुनी गाडी देत असाल तर तिचा भाव आधी बाहेर दोन ठिकाणी काढा. पंचवीस हजारांचा बोनस देऊन गाडीच चाळीस हजारांनी कमी धरली, तर तो बोनस तुमच्याच खिशातून आला. तिच्यावरचे ई-चलान तुम्हीच भरून टाका, नाहीतर त्या नावाखाली आणखी कापलं जातं.

वेळ म्हणाल तर महिन्याचा शेवटचा आठवडा आणि तिमाहीची अखेर चांगली. डिसेंबरात सूट मोठी असते, पण जानेवारी उजाडताच गाडी ‘गेल्या वर्षीची’ होते. पाच-सहा वर्षं वापरणार असाल तरच घ्या. सगळ्यात कमी वापरली जाणारी खिडकी म्हणजे पितृपक्ष. शोरूम ओस, टार्गेट मात्र तेवढंच. सौदा त्या पंधरवड्यात लेखी पक्का करा आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर किंवा दसऱ्याला घ्या, म्हणजे घरातल्या मोठ्यांचाही मान राहतो. प्रत्यक्ष दसऱ्याला भाव करायला गेलात तर तुमच्याशी बोलायला कोणी मोकळं सापडणार नाही. ज्या मॉडेलला तीन महिन्यांचं वेटिंग आहे, त्यावर मात्र सवलतीची आशा सोडा. तिथे विमा आणि हँडलिंगवरच जोर लावा.

दुसऱ्या डीलरचा कागद

त्याच कंपनीच्या किमान तीन डीलरांकडून कोटेशन घ्या आणि त्यात ठाणे किंवा वाशीचा एक ठेवा. कर राज्यभर सारखाच आहे आणि नोंदणी तुमच्या पत्त्यावर होते. अंधेरीत राहणाऱ्याने ठाण्यातून गाडी घेतली तरी तिला एमएच-०२ नंबर मिळू शकतो. मग सर्वांत कमी कागद घेऊन घराजवळच्या शोरूममध्ये, सेल्समनऐवजी मॅनेजरसमोर बसा. ‘एवढ्याला देत असाल तर आत्ता पाच हजार टोकन भरतो’ असं ठोस बोललात, तर निर्णय तिथल्या तिथे होतो. नुसतं ‘अजून काही करा ना’ म्हणत राहिलात, तर मोफत मॅट हाती येते.

कर्जही याच टेबलावर विकलं जातं, त्यामुळे बँकेचा दर आधी काढून जा. ‘सहा टक्के फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लावलेलं व्याज, ऐकून भुलू नका. दहा लाखांवर पाच वर्षांसाठी फ्लॅट सहा म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास अकरा टक्के पडतात.

बुकिंग आणि बाकीचे पैसे

बुकिंग फॉर्मवर मॉडेल, व्हेरिएंट, रंग, अंतिम ऑन-रोड रक्कम, सगळ्या सवलती आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळणार, हे लिहून घ्या. छापील मजकुरात ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं बारीक अक्षरात असतं. जानेवारीत कंपन्या किमती वाढवतात, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात बुक करताना यावर आधीच बोला. पैसे फक्त डीलरशिपच्या खात्यात भरा, सेल्समनच्या यूपीआयवर कधीही नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं डीलरला कायद्याने चालत नाही.

नोंदणीआधी आणि शेवटचा चेक देण्याआधी चासी नंबर मागून गाडी यार्डात जाऊन बघा. कंपनीचा फॉर्म २२ (गाडी नियमांप्रमाणे बनल्याचा दाखला) मागा. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे त्यावर असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२५ म्हणजे टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पावसाळाभर उघड्यावर उभी असेल तर डिकीतल्या गालिच्याखाली हात घालून ओल बघा आणि दारांच्या रबरांत बुरशी शोधा. काही खटकलं तर दुसरा चासी नंबर मागा. एकदा नोंदणी झाली, की गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य असतं.