पहिला पगार: हातात किती, घरी किती

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीतून किंवा थेट पुण्याजवळच्या चाकणहून नोकरीचं पत्र आलं की घरात आधी सांगितला जातो वर्षाचा आकडा, सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. तो तुमचा पगार नव्हे. समजा, सीटीसी 2 लाख 18 हजार आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता 10,000, घरभाडे भत्ता 6,000, म्हणजे महिन्याचे 16,000. वरचे दोनेक हजार कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआयसी (कामगार विमा) आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम). आता 16,000 मधून तुमचा पीएफ 10,000 वर 12 टक्क्यांनी 1,200, ईएसआयसी 16,000 वर 0.75 टक्क्याने 120 आणि व्यवसाय कर 200 कापा (फेब्रुवारीत 300, महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर माफ). खात्यात पडतात 14,480. खोली, मेस आणि गावी जायचं तिकीट यातूनच वजा करा, मग हो म्हणा.

ठेकेदारामार्फत लागत असाल तर पगाराची स्लिप आणि पीएफ मिळणार का, हे आधीच विचारा. डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागणाऱ्याकडे जाऊच नका. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायची नाही, झेरॉक्स द्या.

रुजू होण्याआधी आधार आणि दहावीची सनद शेजारी ठेवून वाचा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख. आपल्याकडे जन्मतारखेचा घोळ फार. पीएफचं खातं आधारशी जुळवतात, त्यामुळे फरक राहिला तर पुढे पैसे काढताना अर्ज परत येतो. दुरुस्ती आत्ताच करून घ्या. नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे तुमचा पीएफ क्रमांक, तोच राहतो. पीएफ काढून खाऊ नका, नव्या खात्यात वळवा. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची नोकरी लागते आणि मध्येच पेन्शनचा पैसा काढला की तेवढी वर्षं जातात.

आता घरचं. पहिल्या पगारात टीव्ही किंवा गाडीचा हप्ता लावायच्या आधी बाबांसोबत बसून कर्जांची यादी करा. सावकाराचे महिन्याला 3 टक्के म्हणजे वर्षाचे 36. ते आधी फेडा. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. एकदा थकलं की सवलत गेली. म्हणून त्याची तारीख तुमच्या मोबाईलमध्ये असू द्या. शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ते सुरू होईपर्यंतही व्याज चढतच असतं. जमेल तेवढं व्याज भरत राहा.

खरी ओढाताण जूनमध्ये होते. सोयाबीन, पऱ्हाटीचा (कापसाचा) पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, तूर त्यानंतर, आणि पेरणीपर्यंत हात रिकामा. मग कृषी केंद्रावर बियाणं, खत उधारीत, आणि उधारीचा भाव वेगळा. यावर पगारदार मुलामुलीच्या हातात साधा उपाय आहे: नोव्हेंबरमध्ये बँकेत 6 महिन्यांची आरडी (दरमहा भरायची ठेव) उघडा, महिना 2,000 ची. मे महिन्यात 12,000 आणि वर व्याज हातात येतं, बियाणं रोखीने घेता येतं. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असं सांगून ठेवा. महिनाअखेरची तारीख दिली तर खात्यात पैसे नसतात आणि दंड बसतो.

पगाराच्या खात्यावरच पंतप्रधान जीवनज्योती (आयुर्विमा, वर्षाला 436 रुपये) आणि सुरक्षा विमा (अपघात विमा, वर्षाला 20 रुपये) सुरू करा. दोन्हीचा हप्ता मेअखेरीस कापला जातो, तेव्हा खात्यात किमान 456 रुपये शिल्लक हवेत.